सहा एअरबॅगपैकी चार बाजूला का असतात?

गाडीच्या जाहिरातीत हल्ली मायलेजच्या आधी ‘सहा एअरबॅग’ झळकतं. ह्युंदाईने ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या आपल्या सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅग देण्याचं जाहीर केलं. २०२५ मध्ये मारुतीने ऑल्टो के-१० सारख्या चिमुकल्या गाडीतही त्या बसवल्या. गंमत म्हणजे सरकारने याची सक्ती केलेलीच नाही. १४ जानेवारी २०२२ ला मसुदा निघाला, १ ऑक्टोबर २०२२ ही तारीख ठरली, ती वर्षभर पुढे ढकलली गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सक्ती करणार नाही असं सांगून विषय मिटवला. कायद्याने लागतात त्या पुढच्या दोनच.

मग बाकीच्या चार कशासाठी? एक स्टिअरिंगमध्ये आणि एक डॅशबोर्डमध्ये, या दोन समोरच्या धडकेसाठी. दोन पुढच्या सीटांच्या बाहेरच्या कडेत शिवलेल्या. दोन खिडक्यांच्या वर, छताच्या कडेने लपवलेल्या. म्हणजे चार एअरबॅग फक्त बाजूने बसणाऱ्या धडकेची वाट बघत असतात. बाजूची धडक समोरच्या धडकेपेक्षा जास्त वेळा होते, असं मात्र यातून समजू नका. ती वेगळ्या पद्धतीने मारते, आणि तिला अडवायला गाडीकडे जागाच नसते.

पुढे अंगण, बाजूला थेट रस्ता

जुन्या वाड्यात रस्त्यापासून माजघरापर्यंत दिंडीदरवाजा, अंगण, ओसरी असे टप्पे असत. रस्त्यावर काही झालं तर त्याची झळ आत पोचेपर्यंत मंदावायची. गाडीचं नाक तसंच असतं. बंपर, रेडिएटर, इंजिनच्या दोन्ही बाजूंचे लोखंडी पाय, असा अर्धा-पाऊण मीटर भाग मुद्दाम चुरगळायला ठेवलेला असतो. तो चुरगळता चुरगळता वेग खातो आणि आतल्या माणसाला थांबायला वेळ मिळतो.

दाराची बाजू म्हणजे थेट रस्त्याला लागून असलेली खोली. बाहेरचा पातळ पत्रा, त्याच्या आत काच उतरण्याची पोकळी, त्यात आडवी बसवलेली पोलादी नळी, मग प्लास्टिकचं आवरण आणि लगेच ड्रायव्हरचं कोपर. पत्र्यापासून माणसापर्यंत जेमतेम २० ते ३० सेंटिमीटर. वर खिडकीच्या पातळीला तेवढंही नसतं, कारण तिथे फक्त काच असते. ती फुटली की डोकं आणि बाहेरून येणारी वस्तू यांच्यामध्ये हवा उरते.

म्हणून समोरच्या धडकेत प्रश्न असतो तो माणसाला हळू कसं थांबवायचं हा. बाजूच्या धडकेत उलटं होतं. माणूस जवळपास जागच्या जागी असतो आणि दारच त्याच्यावर धावून येतं.

एका मिलिसेकंदात १४ मिलिमीटर

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. एका मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, १४ मिलिमीटर. धडक बसलेलं दार काही क्षणांत धडकणाऱ्या गाडीच्या जवळपास तेवढाच वेग घेतं. खांदा आणि दाराचं आतलं आवरण यांत १२-१५ सेंटिमीटर अंतर असेल, तर सगळा कारभार १० मिलिसेकंदांच्या आसपास उरकायला हवा. पापणी लवायला १०० ते १५० मिलिसेकंद लागतात. समोरच्या एअरबॅगच्या कंप्युटरला ‘फोडू की नको’ हे ठरवायला बाजूच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट सवड मिळते.

एवढ्या घाईत निर्णय घ्यायचा तर बातमी दारातूनच यायला हवी. त्यासाठी दोन तऱ्हेचे सेन्सर वापरतात. एक बी-पिलरच्या बुंध्याशी असतो (पुढच्या आणि मागच्या दारांमधला उभा खांब म्हणजे बी-पिलर) आणि तो हादरा मोजतो. दुसरा दाराच्या पोकळीत असतो आणि हवेचा दाब मोजतो. पत्र्याचा रिकामा डबा बाजूने जोरात दाबला की झाकण टप्पकन उडतं, तीच ही युक्ती. दार दबलं की पोकळीतली हवा कोंडते आणि दाब एकदम चढतो. हादरा खांबापर्यंत पोचण्याआधी ही बातमी कंप्युटरला मिळते. दोन्हीकडून आलेल्या खबरा जुळल्या की ठिणगी पडते. त्यामुळे दार नुसतं जोरात आपटलं किंवा पार्किंगमध्ये कोणाच्या स्कूटरचं हँडल लागलं, म्हणून एअरबॅग फुटत नाही.

सीटमधली आणि छतातली

सीटमधली एअरबॅग, जिला साधारणपणे साइड एअरबॅग म्हणतात, ती लहान असते. स्टिअरिंगमधली ५०-६० लिटरची असते, तर ही साधारण १२-१५ लिटरची, म्हणजे मोठ्या बादलीएवढी. सीटच्या कडेची शिलाई उसवून ती बाहेर येते आणि बरगड्या व दार यांच्यात शिरते. बरगड्यांचं गणित किती बारीक आहे ते बघा. बाजूच्या धडकेच्या भारतीय मानकात, एआयएस-०९९ मध्ये, डमीची (चाचणीसाठी गाडीत बसवलेल्या माणसाएवढ्या पुतळ्याची) बरगडी ४२ मिलिमीटरपेक्षा जास्त आत दबली तर गाडी नापास. चार बोटांच्या रुंदीपेक्षाही कमी. ही छोटी पिशवी तो दाब एका ठिकाणी न पडू देता सगळ्या छातीवर पसरवते. शिवाय दार येऊन आपटण्याआधीच माणसाला आतल्या बाजूला ढकलायला लागते. वेगाने आलेला झेल घेताना हात मागे नेतो, तसंच काहीसं.

छतातली ती कर्टन एअरबॅग. पडद्यासारखी वरून खाली उतरते आणि पुढच्या खांबापासून मागच्या खिडकीपर्यंत झाकते, म्हणून मागे बसलेल्यांनाही तिचा उपयोग होतो. तिचं काम एकच, डोकं वाचवणं. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं, मानेवर सैल टेकवलेलं. दार शरीराला आत ढकलतं तेव्हा डोकं मागे राहतं आणि खिडकीबाहेर झुकतं. तिथे त्याची गाठ पडते ती धडकणाऱ्या गाडीच्या बॉनेटशी, विजेच्या खांबाशी, नाहीतर झाडाच्या बुंध्याशी.

अनेक गाड्यांत कर्टनची आणखी एक खुबी असते. समोरची एअरबॅग फुगते आणि मागच्या भोकांतून लगेच रिकामी होते. कर्टन मात्र पाच-सहा सेकंद फुगलेलीच राहते, कारण बाजूने धडक बसलेली गाडी काही वेळा उलटते आणि उलटायला वेळ लागतो. हवा टिकावी म्हणून तिच्या कापडाला आतून लेप असतो आणि बऱ्याचदा दाबाने साठवलेला थंड वायू वापरतात.

जीव वाचण्याची शक्यता किती?

अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस नावाची रस्ते-सुरक्षा संस्था आहे. तिने २००७ मध्ये खऱ्या अपघातांचे आकडे तपासले. ड्रायव्हरच्या बाजूने धडक बसलेल्या गाड्या निवडल्या आणि साइड एअरबॅग असलेल्यांची नसलेल्यांशी तुलना केली. डोकं वाचवणारी एअरबॅग असलेल्या कारमध्ये ड्रायव्हरच्या मृत्यूचा धोका ३७ टक्के कमी होता, तर फक्त छातीची एअरबॅग असलेल्यांत २६ टक्के. एसयूव्हीत हेच आकडे ५२ आणि ३० होते. अमेरिकी सरकारच्या वाहतूक-सुरक्षा विभागाने नंतर वेगळ्या पद्धतीने हिशेब केला. त्यात छातीची आणि कर्टन दोन्ही असताना सुमारे ३१ टक्के, आणि फक्त छातीची असताना जेमतेम ८ टक्के फायदा निघाला.

दोन्ही अभ्यासांचे आकडे जुळत नाहीत, पण दिशा एकच आहे. मोठा फरक पाडते ती डोक्याची एअरबॅग. शोरूममध्ये ‘चार एअरबॅग’वाली गाडी दाखवली, तर पुढच्या दोन सोडून उरलेल्या दोन कुठल्या हा पहिला प्रश्न विचारा. सीटमधल्या असतील तर कर्टन नाही, म्हणजे अर्धंच काम झालेलं.

आता ३७ टक्क्यांचा नेमका अर्थ. एअरबॅग नसताना जे १०० ड्रायव्हर अशा धडकेत गेले असते, त्यातले ३७ वाचतात. ६३ तरीही जातात. ज्या वस्तूला जेमतेम वीतभर जागा आणि १० मिलिसेकंद मिळतात, तिच्यासाठी हा आकडा थोर आहे. पण ‘सहा एअरबॅग आहेत, काही होत नाही’ म्हणणाऱ्याला ते ६३ आठवत नसतात.

मग कायद्याची चाचणी दोनच एअरबॅगवर कशी पास होते?

हा प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर थोडं अडचणीचं आहे. एआयएस मानकं पुण्याची एआरएआय ही संस्था प्रसिद्ध करते. एआयएस-०९९ च्या चाचणीत ९५० किलोचा एक गाडा ताशी ५० किलोमीटरने उभ्या गाडीच्या बाजूवर काटकोनात आदळवतात. गाड्याच्या पुढे चुरगळणारा ठोकळा असतो. त्याची खालची कड जमिनीपासून ३०० मिलिमीटरवर आणि वरची ८०० वर. ८०० मिलिमीटर म्हणजे साधारण जेवणाच्या टेबलाची उंची. ठोकळा खिडकीच्या खालीच लागतो. डमीचं डोकं खिडकीतून झुकलं तरी तिथे त्याला आपटायला काही नसतं. छाती आणि ओटीपोट सांभाळलं की गाडी पास.

रस्त्यावरच्या स्कॉर्पिओचं किंवा फॉर्च्युनरचं नाक टेबलाच्या उंचीवर संपत नाही, आणि त्यांचं वजन ९५० किलोच्या दुपटीच्या घरात जातं. आयआयएचएसने हे ओळखून २००३ मध्येच एसयूव्हीच्या नाकासारखा, १५०० किलोचा गाडा वापरायला सुरुवात केली. २०२१ मध्ये त्यांनी वजन १९०० किलोवर आणि वेग ताशी ५० वरून ६० वर नेला. वेग फक्त १० ने वाढलेला दिसतो, पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. नव्या चाचणीत ती ८२ टक्क्यांनी वाढली.

आपल्याकडची फट बुजवते ती खांबाची चाचणी. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनसीएपीमध्ये (गाड्या आदळवून बघून त्यांना सुरक्षेचे तारे देणारा कार्यक्रम) तीन किंवा जास्त तारे हवे असतील, तर गाडी ताशी २९ किलोमीटरने बाजूने २५४ मिलिमीटर जाडीच्या पोलादी खांबावर नेऊन आदळवतात. खांब ड्रायव्हरच्या डोक्याच्या रेषेत असतो. सगळी ऊर्जा वीतभर रुंदीत एकवटते, आणि कर्टन नसेल तर डोकं थेट लोखंडावर. पावसात घसरून झाडाला बाजूने आदळणाऱ्या गाडीचं हे हुबेहूब चित्र आहे. म्हणून निकाल बघताना नुसते तारे मोजू नका. खांबाच्या चाचणीचा शेरा शोधा, आणि तो आपण घेतोय त्याच व्हेरिएंटला लागू आहे का तेही बघा.

‘आमच्या गाडीचा पत्रा जाड आहे’

हाताने दाबून बघितलेला पत्रा या कामात काहीच करत नाही. काम करतो तो दिसत नसलेला सांगाडा: बी-पिलर, दाराखालचा उंबरा, दारातली नळी, सीटखालचा आडवा दांडा. तो मजबूत असेल तर दार कमी आत येतं आणि एअरबॅगला फुगायला जागा उरते. सांगाडा ढिला असेल तर एअरबॅग दारासकट छातीत घुसते. म्हणजे ‘सांगाडा की एअरबॅग’ असा वादच नाही. २०११ च्या आयआयएचएसच्या अभ्यासात बाजूच्या चाचणीत ‘चांगला’ शेरा मिळालेल्या गाड्यांच्या ड्रायव्हरचा, त्याच बाजूने धडक बसल्यावर मरण्याचा धोका ‘वाईट’ शेरा मिळालेल्यांपेक्षा ७० टक्क्यांनी कमी निघाला. त्या शेऱ्यात सांगाड्याचाही हिशेब असतो.

कुठली बाजू, कुठला रस्ता

आपण डावीकडून चालवतो आणि स्टिअरिंग उजवीकडे. गावच्या किंवा सोसायटीच्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्यावर गाडी काढली की पहिल्या पट्ट्यातली वाहनं उजवीकडून येतात, म्हणजे थेट ड्रायव्हरच्या दारावर. डिव्हायडरच्या कटमधून उजवीकडे वळताना समोरून येणारं वाहन डाव्या बाजूला लागतं, म्हणजे शेजारी बसलेल्यावर.

शेजारच्या बाजूने धडक बसली तरी ड्रायव्हर सुटत नाही. तो आडवा झुकतो, खांद्याचा पट्टा निसटतो आणि डोकं शेजारच्याच्या डोक्यावर किंवा आत आलेल्या दारावर आपटतं. सहा एअरबॅगपैकी एकही इथे नीट कामाला येत नाही. त्यासाठी दोन सीटांच्या मध्ये फुगणारी सातवी लागते. युरोपच्या एनसीएपीने २०२० पासून या पलीकडच्या बाजूच्या धडकेलाही गुण द्यायला सुरुवात केली.

‘एवढा अपघात झाला, तरी फुटली नाही!’

ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. बहुतेक वेळा कारण साधं असतं. धडक पुढच्या चाकाच्या मडगार्डवर किंवा डिकीच्या बाजूला बसलेली असते, प्रवाशांच्या कप्प्यावर नाही. गाडी तिथून फिरते, पत्र्याचा चुराडा होतो, दुरुस्तीचं बिल लाखात जातं, पण आतल्या माणसाला दाराकडून धोका नसतो. बिलाची रक्कम बघून एअरबॅग फुटत नाही. खरोखरचा बिघाडही असतो, त्याकडे खाली येऊच.

उलट शंकाही विचारतात: एअरबॅगच इजा करते का? बाजूच्या एअरबॅग लहान असतात, आणि दाराला टेकून बसलेल्या मुलांवर त्यांचा काय परिणाम होतो हे कंपन्या २००० नंतर वेगळं तपासू लागल्या. तरी मुलाला दाराला डोकं टेकवून झोपू देऊ नये. मुलांसाठी जास्त धोक्याची आहे ती डॅशबोर्डमधली. मागे तोंड असलेली बेबी सीट तिच्यासमोर कधीही लावायची नाही.

ट्रक आला तर?

भरलेला दहा चाकी ट्रक साडेअठ्ठावीस टनांपर्यंत असतो आणि त्याचा बंपर कारच्या खिडकीच्या आसपास येतो. त्याच्यासमोर दाराचा सांगाडा बाजूलाच राहतो. धडक मजबूत भागाच्या वरून आत येते. कमी वेगात कर्टन डोकं वाचवू शकते, हायवेच्या वेगात कुठलीच एअरबॅग नाही. उसाच्या ट्रॉलीच्या कोपऱ्याचंही तेच. तो खांबासारखा एका जागी घुसतो, आणि खांबाची चाचणी ताशी २९ किलोमीटरची असते, ८० ची नाही.

पट्ट्याचा मुद्दा इथेच येतो. बाजूची एअरबॅग पट्टा लावला नसला तरी फुटते, पण ती फुटते त्या जागी माणूस असायला हवा. ब्रेकने पुढे घसरलेला किंवा उलटणाऱ्या गाडीत उडालेला माणूस तिला सापडत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री आणि मागच्या सीटवरचे त्यांचे सहप्रवासी गेले. गाडी महागडी होती आणि एअरबॅगही होत्या. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

आपण स्वतःच ती बंद कशी पाडतो

सीट कव्हर हा पहिला गुन्हेगार. नवी गाडी दारात आली की आधी रेग्झिनचं घट्ट कव्हर चढतं. सीटमधली एअरबॅग ज्या शिलाईतून बाहेर येणार, तीच त्याने झाकली जाते. पिशवी कव्हर फाडू शकली नाही, तर उशिरा किंवा वाकड्या दिशेने बाहेर येते, आणि १० मिलिसेकंदांच्या खेळात उशीर म्हणजे नसल्यातच जमा. एअरबॅगसाठी बनवलेल्या कव्हरला त्या बाजूला मुद्दाम कच्ची शिलाई असते किंवा कड उघडी असते. सीटच्या बाहेरच्या कडेवर ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी चिठ्ठी असते. कव्हर घातल्यावर ती दिसेनाशी झाली तर काहीतरी चुकलंय.

दुसरं, दारातले स्पीकर. मोठा स्पीकर बसवायला दाराच्या आतल्या पत्र्याला भोक पाडतात किंवा आतला प्लास्टिकचा पडदा फाडून टाकतात. दाबाचा सेन्सर असलेल्या गाडीत हे म्हणजे डब्याला आधीच भोक पाडणं. दाब चढायच्या ऐवजी निसटतो.

तिसरं, खिडकीवरच्या हुकाला लाकडी किंवा तारेचा हँगर. कर्टन तिथूनच खाली येते आणि हँगर डोक्याच्या दिशेने फेकते. नुसता शर्ट चालतो.

चौथं म्हणजे सीटखालची पिवळी जोडणी. एअरबॅगच्या वायरीची टोकं बहुधा पिवळी असतात आणि पुढच्या सीटखालून जातात. व्हॅक्यूमने गाडी साफ करताना, सीटखाली छत्री-पाण्याची बाटली कोंबताना ती सैल होते आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून राहतो. चावी फिरवल्यावर हा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. पेटून राहिला तर कंप्युटरला बिघाड दिसलाय, आणि तशा अवस्थेत एअरबॅग फुटेल याचा भरवसा नाही. जोडणी स्वतः उपसून बघू नका. बॅटरी काढून, थोडा वेळ थांबून करायचं ते काम आहे. जुनी गाडी घेताना उलटं तपासा. दिवा मुळीच लागत नसेल, तर एअरबॅग फुटून गेल्यावर नवी न बसवता कोणीतरी दिव्याचंच तोंड बंद केलेलं असू शकतं.

आणि पूर. एअरबॅगचा कंप्युटर बहुतेक गाड्यांत गिअरच्या पुढे-मागे, जमिनीवरच्या उंचवट्यावर बसवलेला असतो, आणि बाजूचा सेन्सर बी-पिलरच्या तळाशी. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या किंवा २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात गाडी सीटपर्यंत बुडली, तर हे दोन्ही भाग सगळ्यांत आधी भिजतात. इंजिन सुरू होतं, एसी चालतो, गालिचे नवे टाकले जातात आणि गाडी दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते. अशी गाडी बघायला गेलात, तर पुढच्या सीटा मागे सरकवून खाली टॉर्च मारा. सीटच्या रुळांवर गंज, बोल्टच्या खाचांत वाळलेला गाळ किंवा पिवळ्या जोडणीच्या पिनांवर हिरवट थर दिसला, तर सौदा तिथेच सोडा.